छातीच्या गोळ्या

लग्नाआधी नाबितालोने मला चटईवर बसवून जे शिकवलं, ते माझ्या आईच्या तोंडून जन्मात निघालं नसतं. आमच्यात ते आईचं काम नाहीच. वयात आलेल्या मुलीला शिकवायचं ते आत्याने, म्हणजे सेंगाने. ज्या मुलीची स्वतःची सेंगा लाजाळू निघे, तिला माझ्यासारखंच नाबितालोकडे आणत. मसाका शहराच्या या बाजूला तिच्या हाताखालून न गेलेली नवरी शोधावी लागेल.

"अगं मेले, लाजतेस काय? लाजून कुणाला पोरं झाली नाहीत!" असं म्हणत ती सुरू व्हायची. पाळी, नवरा, कंडोम, बाळंतपण, काही म्हणून तिला वर्ज्य नव्हतं.

वर्ज्य होती ती फक्त लेतिसिया, तिच्याच भावाची मुलगी. भाऊ-भावजय पाठोपाठ गेले आणि चार वर्षांची पोर नाबितालोच्या पदरात आली. जन्मतःच तिला एचआयव्ही होता. दवाखान्यात औषधं देणारी मी. तिच्या गोळ्यांचा डबा दर महिन्याला माझ्याच हातून जायचा. घरी पोरीने विचारलं, की सेंगाचं उत्तर ठरलेलं: "छातीच्या आहेत. लहानपणी फार खोकायचीस तू."

पोर बारा वर्षांची झाली तेव्हा मी म्हटलं, "सेंगा, आता सांगा तिला."

"सांगीन गं. येत्या सुट्टीत."

अशा कितीतरी सुट्ट्या गेल्या. शेवटी मी फारच मागे लागले, तेव्हा ती भडकली. "काय सांगू तिला, तेओ? 'तुझ्याच बापाने हे दुखणं घरात आणलं' म्हणून? गावाने माझ्या भावाला करणी झाली म्हणून रडत पुरलं. आणि उद्या पाहुणे हिला मागायला आले, तर हात धरून त्यांच्यापुढे नेणार कोण? मीच ना? कुठल्या तोंडाने नेऊ?"

"गोळ्या घेणाऱ्यांची लग्नं होतात, पोरं धडधाकट होतात. तुम्हीच सांगता की मुलींना!"

"परक्या मुलींना सांगते," ती म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली.

एक सांगितलं की दुसरं सांगावं लागेल, म्हणून लेतिसियाला तिने काहीच शिकवलं नाही. मला राग यायचा. पण घरच्यांनी सांगावं असा दवाखान्याचा नियम होता आणि मी त्याच्याआड लपले. खरं सांगायचं तर सेंगाशी वैर घ्यायची माझी छाती नव्हती.

पोर बोर्डिंगच्या शाळेत गेली. एका सुट्टीत ती औषधाच्या खिडकीशी धावत आली. "नर्सताई, शर्यतीत पहिली आले! एवढी पळाले, पण एकदाही खोकला आला नाही." मी हसले, शाबासकी दिली आणि तीन महिन्यांचे डबे तिच्या हातात ठेवले. तिथेच मला कळायला हवं होतं. अजून तो दिवस आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या वर्षी शाळेने तिला मोटारसायकलवर बसवून, मागून कुणीतरी धरून घरी पाठवलं. डोकं ठणकत होतं, अंगावर मांस नव्हतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वर्षभर हिच्या पोटात औषध गेलेलं नाही, आता दुखणं मेंदूपर्यंत पोचलंय.

"रोज घ्यायची ती!" नाबितालो ओरडली.

खाटेवरून लेतिसियाच म्हणाली, "सोडल्या मी. छाती बरी झाली होती ना. आमच्या खोलीतली रेजिना सारखी खोकायची, बिचारीला औषध आणून देणारं कुणी नव्हतं. तिला दिल्या."

तेव्हा नाबितालोने सांगितलं. जिची जीभ कुणापुढे अडखळली नाही, तिला तो एक शब्द उच्चारायला पाव तास लागला.

पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सेंगा, त्या मुली यायच्या तेव्हा दार लावून तुम्ही हसायचात. मी बाहेर केळी सोलत बसायचे. वाटायचं, कधीतरी माझा नंबर येईल." मग तिने मान माझ्याकडे वळवली. "नर्सताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नाबितालोने दाराला पडदा लावला, उशाशी चटई अंथरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पाळी, नवरा, पहिली रात्र, मूल. रोज थोडं थोडं. मध्येच एकदा लेतिसिया हसली, म्हणाली, "शी, सेंगा!"

चौथ्या दिवशी तिची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी नाबितालोला सांगितलं, आता हिला ऐकू जात नाही. पुढचे पाच दिवस, पोर जाईपर्यंत, नाबितालो शिकवतच होती.