साडूंच्या गाडीचं पांघरूण

आमच्या थोरल्या साडूंच्या ताब्यात उद्या कुणी पृथ्वी द्यायची ठरवली, तर ते आधी तिला बोटाच्या पेरांनी वाजवून बघतील, कान लावून आवाज ऐकतील आणि बहुधा परत पाठवतील. उचगावजवळच्या एका फौंड्रीत त्यांची सगळी नोकरी तयार कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, तपासण्यात गेली. लोखंडात चीर असली की त्याचा आवाज बदलतो, हे ते तिथं शिकले आणि पुढं जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी तो नियम लावला. कलिंगड सगळेच वाजवून घेतात. साडू उशीसुद्धा वाजवून घेतात. निवृत्त झाले तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात लहानसा व्हर्नियर कॅलिपर आणि खडूचा तुकडा असतोच. कॅलिपर जाडी मोजायला, आणि खडू नापास मालावर फुली मारायला. एकदा आमच्याकडं जेवायला आले होते, तेव्हा आमच्या नव्याकोऱ्या टेबलाच्या एका पायावर न विचारता फुली मारून गेले. बायको आठ दिवस धुसफुसत होती. तीन महिन्यांनी बरोबर तोच पाय मोडला. तेव्हापासून घरात काही नवीन आलं की बायकोच म्हणते, "दाजींना एकदा वाजवून बघू दे." ते तिचे दाजी, म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणतो. ते मला 'पावणं' म्हणतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी अजून पाहुणाच आहे.

या माणसाने आयुष्यात जिच्यावर कधी फुली मारली नाही अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे त्यांची गाडी. पांढरी, चौकोनी, आता विशी ओलांडलेली. रोज सकाळी ओलं फडकं, मग कोरडं फडकं आणि शेवटी जुन्या धोतराचं मऊ फडकं, असे तिचे तीन हात होतात. गाडीत बसण्याआधी दाराबाहेर पाय झाडावे लागतात. "झाडा, पावणं, झाडा," आमच्या थोरल्या मेहुणीबाई, म्हणजे आक्का, पायरीवरून ओरडतात, "देवळात येकवेळ चप्पल चालंल, हितं न्हाय." गाडीत शेंगदाणे खायचे नाहीत, काचेला डोकं टेकवायचं नाही, दार लावताना ते 'आपटायचं' नाही, 'मिटायचं'. ही गाडी दाजी सख्ख्या भावाला देत नाहीत. देतात फक्त मला. का, तर मी शाळामास्तर. "पावण्यांच्या हातात दिली की मला झोप लागती," असं ते चारचौघांत सांगत. माझ्याबद्दल इतका विश्वास मला स्वतःलाही कधी वाटला नव्हता. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना माझा आवाज अजून खाली जातो.

त्या वर्षी, ऊसतोडीच्या अखेरीला, भाचीसाठी करायला टाकलेली पैंजणं आणायला मी दाजींची गाडी घेऊन हुपरीला गेलो होतो. येताना अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली. मी गाडी मागं घेतली, पण तिचं तोंड थोडं रस्त्यातच राहिलं, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं बॉनेटवरून खर्रकन घासत गेली. उतरून बघितलं तर एक वीत लांबीच्या चार रेघा, शेजारी शेजारी. मी रुमालाने पुसल्या. थुंकी लावून पुसल्या. रेघा तशाच. उचगावात आलो तेव्हा दाजी दुपारचे आडवे झाले होते. झोपलेल्या माणसाला उठवून असलं काही सांगू नये, उद्या सांगू, असं मी मनाशी ठरवलं आणि किल्ली आक्कांच्या हातात देऊन बसने घरी आलो.

सकाळी साडेसहाला फोन. "पावणं, घात झाला! मांजरानं बॉनेटवर नख्या मारल्या!"

इथं मला बोलायचं होतं. देवाशपथ, ओठापर्यंत आलं होतं. पण तोंडातून आलं ते "अरेरे!" एवढंच. माझं पाप म्हणजे तो 'अरेरे'. गाडीला रेघा पाडल्या त्या उसाने. 'अरेरे' मात्र पूर्णपणे माझा.

मांजर म्हणजे आक्कांच्या पायरीवर पडून असणारा पिवळा बोका. मी धावत उचगावला गेलो तेव्हा दाजींनी तपास सुरू केला होता. व्हर्नियरने रेघांमधलं अंतर मोजलं होतं आणि आता त्या बोक्याला काखेत दाबून त्याच्या पंजावर कॅलिपर लावला होता. बोका शांत होता; मलाच घाम फुटला होता. "नख्यांत अंतर सहा मिलिमीटर," दाजी म्हणाले, "आन् रेघांत चौदा." मला वाटलं, सुटला बिचारा. दाजींनी चष्मा वर केला. "म्हंजे पंजा ताणून मारलाय. मुद्दाम." आणि लगेच निकाल दिला. पाडव्याच्या आत गाडीला मांजराचं नख लागणार नाही असं कव्हर मिळालं तर ठीक, नाहीतर बोका राधानगरीच्या जंगलात.

मी दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. पुरावा म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. त्याऐवजी मनात एक पळवाट काढली: चांगलं कव्हर शोधून द्यायचं, म्हणजे बोका वाचेल आणि आपलीही अब्रू राहील. कव्हर मिळणं किती अवघड असेल? पण मी हे विसरलो होतो की निवड दाजी करणार होते.

पहिलं कव्हर मीच मोबाइलवरून मागवलं. अभिप्राय वाचून वाचून डोळे दुखले. एक लिहितो 'उत्तम', त्याच्या खालचा लिहितो 'फाटकं', आणि दोघांनी फोटो एकच टाकलेला. ते आलं तेव्हा गाडीवर घातलं, चारी बाजूंनी इतकं लोळत होतं की आक्का म्हणाल्या, "आत आजून येक बिऱ्हाड ऱ्हाईल." परत पाठवलं. मग बाजारात हिंडणं सुरू झालं. दुकानदाराने कापडावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं, थेंब आत गेला नाही. मी खूश. दाजी म्हणाले, "पाणी आत जात न्हाय, मग आतला दमट बाहीर कुठनं जायाचा? पत्र्याला घाम येणार. रंगाला फोड येणार." दुसऱ्या दुकानात हवा खेळणारं कापड मिळालं. दाजींनी ते तोंडाला लावून फुंकर मारली. "हवा येती म्हंजे पाऊसबी येणार." तिसरं चंदेरी होतं. ऊन परतवून लावतं, असं दुकानदार सांगत होता. "समोरच्या गोठ्यातल्या म्हशी दिपतील," दाजी म्हणाले, "दूध आटलं तर भांडाण कुणी करायचं?" आतून लोकर असलेलं कव्हर, खाली इलॅस्टिक असलेलं, पोटाखालून पट्टा जाणारं, आरशांना कान असलेलं, एकेरी, दुहेरी, तीन पदरी. प्रत्येक कापडाची जाडी मोजून दाजी खिशातून खडू काढायला लागले की मी त्यांचा हात धरायचो. काही दिवसांनी माझीही अवस्था अशी झाली की शाळेत मुलांचे गणवेश दिसले तरी 'हे पाण्यात टिकेल का' असं मनात यायचं. गाडीला उन्हापासून जपायचं, की पावसापासून, की धुळीपासून, की मांजरापासून, की मुळात माझ्यापासून, हेच मला समजेना. रात्री झोपेत मी 'दुहेरी अस्तर' असं बरळलो, असं बायको सांगते.

शेवटी दाजींना लक्ष्मीपुरीकडचे एक चाचा आठवले. जीपची हूड आणि सीट कव्हरं शिवण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. चाचांनी गाडीभोवती टेप घेऊन फेरी मारली. दाजी मागून हात बांधून फिरत होते. "चाचा, शिलाईत जरा जागा ठिवा."

"कशाला, साहेब?"

"धुतल्यावर आटलं म्हंजे?"

"आटत न्हाय हे कापड."

"तरीबी. पुढंमागं लागंल."

चाचांनी टेप गळ्यात टाकला. "साहेब, गाडी हाय ही. वाढत्या अंगाची हाय व्हय?"

पण माणूस कसबी. बाहेरून पाणी थोपवणारं जाड कापड, आतून मऊ अस्तर, आणि दोन्ही बाजूंना दमट हवा बाहेर पडायला झाकणवाली भोकं, असं कव्हर त्यांनी शिवलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी ते गाडीवर चढवलं. कुठं सुरकुती नाही. दाजींनी चारही बाजूंनी बघितलं, कापड वाजवलं, मान डोलावली. मी मनातल्या मनात बोक्याचं अभिनंदन केलं. तेवढ्यात बोका पायरीवरून उठला, आळस दिला, सरळ बॉनेटवर चढला, त्या मऊ कापडावर पंजे उघडमीट करून जागा मळून घेतली आणि गोल होऊन झोपला.

दाजी आत गेले आणि कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन आले.

गंमत अशी की, बोक्याला जंगलात सोडायचं तर न्यायचं कशातून? गाडीतूनच. इतके दिवस ज्याच्यापासून गाडी वाचवायची, तोच पाडव्याच्या सकाळी मागच्या सीटवर, खाली चार पदरी वर्तमानपत्र, वर डालगं, आणि ते दाबून धरायला मी. आक्का दारात उभ्या होत्या. "मला आजपातूर कधी राधानगरीला न्हेलं न्हाईसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन् मांजराला सणादिवशी मोटारीतनं न्हेतासा." दाजींनी गाडी सुरू केली. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पण निकाल दिला म्हणजे दिला.

दाजींची गाडी तिसाच्या वर जात नाही. त्यामुळे माझ्या लाजेला पुरेपूर वेळ मिळाला. बोका आधी ओरडला, मग रडला, मग गप्प झाला. आणि तो गप्प झाला तेव्हा मला सहन होईना. डालग्याच्या कामट्यांतून त्याचा एक डोळा माझ्याकडं लागला होता.

"दाजी, गाडी बाजूला घ्या."

"उलटी येती काय? पिशवी हाय म्होरं."

"नाही. मला एक सांगायचंय."

गाडी एका आंब्याखाली थांबली. मी सगळं सांगितलं. हुपरी, ट्रॉली, मागं घेतलेली गाडी, रुमाल, थुंकी, दुपारची त्यांची झोप, सकाळचा फोन, सगळं. काहीही राखून ठेवलं नाही. दाजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते.

"झालं?"

"झालं, दाजी."

"पावणं," ते सावकाश म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलाय येत न्हाय."

मला काही कळेना. "खोटं नाही, दाजी, मी खरंच..."

"उसाची टोकं घासली तर रेघा वाकड्या पडतील. ट्रॉली हलती. ह्या चारी सरळ हायत, मी मोजल्यात. आन् दुसरं म्हंजे..." त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही हे करून महिनाभर गप बसला असतासा? माझ्यासंगं दुकानं हिंडला असतासा? तुम्ही?"

दाजींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. डोळेही पुसले. "येका मुक्या जिवासाठी माणसानं स्वतःवर आळ घ्यावा, आं? आन् मी येवढा म्हातारा झालो, मला दया आली न्हाय." मी पुन्हा बोलायला गेलो. "बास," ते म्हणाले, "आता आजून लाजवू नगासा मला." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडी एका दमात वळवली.

दारात डालगं बघून आक्का म्हणाल्या, "का ओ, जंगाल बंद हाय आज?"

दाजींनी त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या पद्धतीने. मग शेजाऱ्यांना सांगितलं. मग आमच्या सासरवाडीत, बारशात, साखरपुड्यात, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगितलं. बोक्याला माफी मिळाली; इतकंच नाही, तर दाजींनी चाचांकडून कव्हरला बॉनेटच्या जागी रजईचा तुकडा लावून घेतला, त्याच्यासाठी. मी मात्र देवमाणूस झालो. मी अजून दोनदा खरं सांगून बघितलं. एकदा दाजी हसले. दुसऱ्यांदा जरा रागावले, "किती मोठेपणा घेतासा ओ!" म्हणाले. माणसाने गुन्हा कबूल केल्यावर पुढं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी शाळेत विचारलं तर मुलंच हसतील.

गेल्या वर्षी दाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एक डोळा म्हणावा तसा सुधारला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःहून गाडी चालवणं सोडलं. कुणी सांगावं लागलं नाही. एका सकाळी किल्ली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन, पाय झाडून, डावीकडं बसले. आता दवाखाना असो, कुणाचं लग्न असो, मी रविवारी जातो, आम्ही दोघं मिळून कव्हर काढतो आणि निघतो. दाजी पहिल्या वळणापर्यंत 'हळू', 'डावीकडं बघा' असं काही तरी बोलतात. मग त्यांची मान एका बाजूला कलते आणि ते झोपतात. गाढ, तोंड किंचित उघडं ठेवून. समोरून ट्रॉली दिसली की मी गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन उभी करतो, इंजिन चालू ठेवतो, म्हणजे आवाज थांबून त्यांना जाग येणार नाही, आणि ती पूर्ण पुढं जाईपर्यंत तसाच बसून राहतो.