शेवटच्या जागेची शर्यत

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते आणि मामा काळीपिवळी जीप चालवायचा. घाटंजीच्या स्टँडवर बाबा बसजवळ उभे असायचे, आणि मामा फाटकाबाहेरून "यवतमाळ, यवतमाळ" ओरडत त्यांचेच प्रवासी पळवायचा. आईचा हा सख्खा भाऊ, त्यामुळे बाबांना तक्रारही करता यायची नाही. रविवारी दोघं आमच्या टिनाच्या छपराच्या छोट्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसायचे. दुसरा आपल्यापुढे बसलेला दोघांपैकी कुणालाच खपत नसे.

बाबा निवृत्त झाल्यावर एका रविवारी पाळकांनी नम्रतेवर उपदेश केला. मेजवानीला गेलात तर मानाची जागा धरू नका, शेवटी बसा, असा त्याचा सूर होता. बोलताना ते पहिल्या रांगेकडेच बघत होते, असं आईचं म्हणणं.

पुढच्या रविवारी बाबा घाईघाईने शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. मामा आला, त्याने ते पाहिलं, आणि तो त्या खुर्चीच्या मागे जमिनीवर बसला. त्याच्या पुढच्या रविवारी बाबा जमिनीवर, तर मामा दाराबाहेर चपलांपाशी. मग बाबाही चपलांपाशी गेले आणि सगळ्यांच्या चपला मापाप्रमाणे लावू लागले. मामाने रुमाल काढून त्या पुसायला घेतल्या. उपासना संपल्यावर अर्धी मंडळी आपापल्या चपला शोधत अंगणात फिरायची.

"तुमच्या या नम्रतेपायी मले चर्चात यायची लाज वाटून राह्यली," आई एकदा म्हणाली.

"तुह्या भावाले सांग," बाबा म्हणाले. "त्याचा दिखावा हाय. मी मनापासून करतो."

नाताळच्या आधी चर्चची साफसफाई निघाली. संडास कोण धुणार यावर चर्चाच झाली नाही, कारण दोघांनीही मनात ठरवून टाकलं होतं. बाबा दिवस उगवायच्या आत झाडू घेऊन गेले. मामा त्याच्याही आधी येऊन धुऊन गेला होता, आणि फरशीवर साबण तसाच होता. बाबा आपटले. उजवा हात मोडला, पाय मुरगळला. दवाखान्यात प्लास्टर चढत असताना ते एवढंच म्हणाले, "त्यानं मुद्दाम टाकला साबण."

आठवडाभर बाबा खाटेवर. दाढी वाढली, अंगाला वास यायला लागला, पण ते कुणाला हात लावू देत नव्हते. मग एका सकाळी मामा वस्तरा आणि बादली घेऊन दारात उभा राहिला.

"कायले आला?"

"दाढी करायले, भाऊजी."

"मले हरवायले आला तू."

मामाने बादली खाटेपाशी ठेवली. त्याने बाबांच्या गालाला साबण लावला आणि दाढी करू लागला. बाबांना बोलता येईना, कारण वस्तरा गळ्याशी होता. तेवढ्यात मामाच बोलला.

"भाऊजी, तो साबण माह्याच हातचा. तुमच्या आधी धुवायचं म्हणून अंधारात गेलतो. घाईत पाणी मारायचं राहून गेलं. देवासाठी नाही गेलो मी. तुम्हाले हरवायलेच गेलतो. अन् हात मोडला तुमचा."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. समोरचं दिसेनासं झालं आणि वस्तरा बाबांच्या मिशीतून सरळ पार गेला. अर्धी मिशी टॉवेलवर पडली. ती मिशी एसटीच्या डेपोत प्रसिद्ध होती.

मी दारात उभी होते. मला हसू फुटत होतं, ते मी ओठ दाबून आवरलं. बाबांनी डाव्या हाताने ओठ चाचपला. मामाने भिंतीवरचा आरसा काढून मांडीवर घेतला आणि स्वतःची अर्धी मिशी उडवली. तीही त्याच बाजूची.

"आता लोक हसतील तं दोघायले हसतील," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसताना मोडका हात दुखायचा, ते "अगं आई" म्हणायचे आणि परत हसायचे. शेवटी आईने येऊन दोघांना रागावून उरलेल्या मिश्याही काढायला लावल्या. मग मामाने बाबांची पाठ घासली. बाबांनी निमूट घासू दिली. एवढंच म्हणाले, "पाणी गरम टाक. मीबी तुले हरवायलेच गेलतो."

नाताळच्या दिवशी मामाने बाबांना आधार देत चर्चमध्ये आणलं. दोघं जागा दिसली तिथे, मधल्या एका रांगेत बसले. पाळकांनी चष्मा सावरला, या दोन गुळगुळीत चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज दोन नवे पाहुणे आलेत, त्यांचं स्वागत करू या." पोरं खिदळली. मामी तर तोंडाला पदर लावून बाहेरच गेली.

उपासनेनंतर अंगणात प्रीतिभोजन होतं. वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. बाबा डाव्या हाताने भात उचलायचे आणि तो अर्ध्या वाटेत सांडायचा. मामा शेजारी बसून बघत होता. आपणहून हात पुढे करायची त्याची हिंमत होत नव्हती.

"पाहतो काय?" बाबा त्याला म्हणाले. "भरव मले."

मी तर बाबांना कुणाकडे पाणीसुद्धा मागताना पाहिलं नव्हतं. मामाने भात कालवला, घास केला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाशी नेला.

"लहान कर," बाबा म्हणाले.

मामाने लहान केला.