मल्लिनाथचा ओठ

लोहारा गावातल्या एका लग्नात, भर परण्यात, मी मल्लिनाथच्या हातातून ट्रंपेट काढून घेतला आणि ताल धरायला खुळखुळा दिला. चूक माझी होती. तेव्हा ती मला कळली नाही. कळल्यावरही बरेच दिवस मी बोललो नाही.

उमरग्यात आमचा ब्रास बँड आहे. मी मास्तर, म्हणजे गाणी बसवणारा. मल्लिनाथ बारा वर्षं आमचा पहिला ट्रंपेट. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. त्यात पहिल्या ट्रंपेटचा सूर चढला की पाहुणे नाचायला लागतात. त्या दिवशी तो वरचा सूर तीनदा फाटला. नुसती हवा आली.

ट्रंपेटला बटणं तीनच. बाकी काम ओठांचं. माऊथपीस म्हणजे तोंडाला लावायची पितळी वाटी. तिच्यात ओठ थरथरतात आणि सूर निघतो. ओठ थकला की वाजवणारा ती वाटी दातांवर दाबतो. वरचा सूर घटकाभर मिळतो, पण ओठ सुजतो. मग काहीच मिळत नाही.

हे मला माहीत नव्हतं. सीझनच्या आधी आमची प्रॅक्टिस बँडच्या शेडमागच्या मोकळ्या रानात चालायची. दोन तास, न थांबता, पूर्ण जोरात. हायवेवरच्या ट्रकवाल्यानं मान वळवली की मी खूश. त्यातच एकदा मल्लिनाथ म्हणाला होता, "मास्तर, ओठ बधिर झालाय. जरा थांबू का?"

"वरात थांबती का तुझ्यासाठी? वाजीव!"

सगळे हसले. तोही हसला आणि वाजवत राहिला.

लोहाऱ्याच्या लग्नानंतर पहिला ट्रंपेट मी स्वतः धरला. रोज तसाच दोन तास वाजवला. आठ दिवसांत माझाही ओठ सुजला. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

नळदुर्गला फौजी बँडमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडं गेलो आणि एक गाणं वाजवून दाखवलं.

"रोज असंच वाजवता?"

"व्हय. दोन तास."

"मग तुम्ही प्रॅक्टिस करत न्हाय. रोज वरात काढता."

ट्रंपेटला करंगळी अडकवायला एक आकडा असतो. काकांनी माझी करंगळी त्यातून बाहेर काढली. त्या आकड्याला ओढूनच मी वाटी ओठावर दाबत होतो. "आता वाजवा," म्हणाले. वरचा सूर आलाच नाही.

"बघा. आजवर हातानं वाजवलं. आता ओठानं शिका."

पद्धत साधी होती. सुरुवातीला हळू आवाजात लांब सूर. जेवढा वेळ वाजवलं, तेवढाच वेळ वाद्य मांडीवर ठेवायचं. सबंध गाणं घोकायचं नाही. अडतात तेवढेच चार सूर निम्म्या गतीनं घ्यायचे. आणि ओठ थकायच्या आधी थांबायचं. तीन आठवड्यांत माझे सूर परत आले, पहिल्यापेक्षा मोकळे. आज मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो: अर्धा तास असा वाजवा, दोन तासांची गरज नाही.

मल्लिनाथ तोवर प्रत्येक लग्नात मुकाट खुळखुळा हलवत होता. मी त्याला बोलावून ट्रंपेट पुढं केला.

"घे. ओठाला महिनाभर विसावा मिळालाय. मग हळूहळू सुरू करू."

"खुळखुळाच बराय, मास्तर. त्यानं ओठ सुजत न्हाय."

ट्रंपेट त्याच्या मांडीवर ठेवून निघालो. आठ दिवसांनी तो ट्रंपेट घेऊन आला.

महिना-दीड महिन्यानं उमरग्यातच एक लग्न होतं. पहिला ट्रंपेट मल्लिनाथनं वाजवला. मारुतीचं देऊळ येईपर्यंत त्याचा सूर एकदाही फाटला नाही.

नंतर सगळे चहाला बसलो. बसू नावाचा आमचा ढोलवाला म्हणाला, "मास्तर, तुमची नवी पद्धत लई भारी. मल्लिनाथला पुन्हा उभं केलं तुम्ही."

मल्लिनाथ खाली बघत ट्रंपेटमधलं पाणी झटकत होता. नळदुर्गच्या काकांचं नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, मास्तरानं काहीतरी शोधून काढलं. मीही ते वाटू दिलं होतं. जोर म्हणजे प्रॅक्टिस नव्हे, हे कुणालाही एका वाक्यात शिकता येतं. मला त्यासाठी दुसऱ्याचा ओठ लागला.

मी चहा खाली ठेवून उभा राहिलो.

"बसू, पद्धत नळदुर्गच्या एका काकांची हाय. आन् ह्याला पाडलं होतं मीच. ओठ बधिर झालाय म्हणाला, तवा म्या त्याची चेष्टा केली. मल्लिनाथ, तुला सगळ्यांपुढं कमी दाखवलं, म्हणून सगळ्यांपुढंच सांगतो. चूक माझी होती. मला माफ कर."