मामाच्या नावानं मी पाठवलेलं उत्तर

सुरुवातीलाच माफी मागतो. असं काही लिहायचा मला अधिकार आहे का, हे अजून ठरवता आलेलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्याविषयी लिहून येतं ती माणसं बहुतेक नावाजलेली असतात, आणि लिहिणारेही. माझा मामा, शांताराम, काशीमीऱ्याला एका गाळ्यात गाड्यांच्या सीट शिवायचा. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. म्हणजे एकदा लिहिलं होतं, एक पानभर, तेही मामाच्या नावानं... त्याच्याबद्दलच सांगायचं आहे. मामाला जाऊन सात आठवडे झाले, आणि ते एक पान मला स्वस्थ बसू देत नाही.

मामीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. "बाळा, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मामा त्या दिवशी जेवायला घरी आला होता, जेवून जरा आडवा झाला, आणि चहाच्या वेळेला मामी उठवायला गेली तर... मी भाईंदर पश्चिमेला त्यांच्या खोलीवर पोचलो तोवर शेजारचे लोक जमले होते. कुणीतरी त्याच्या बोटांवरचं, सीट चिकटवायचं सोल्युशन ओल्या फडक्यानं पुसत होतं. ते कधीच पूर्ण निघायचं नाही, हे मला माहीत होतं.

तेरावं झाल्यावर मामीनं त्याचा फोन माझ्या हातात दिला. "तुझं इंग्लिश-बिंग्लिश चालतं, तूच कळव सगळ्यांना." फोनमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर मामानं नावांनी ठेवलेच नव्हते, माझ्याकडून तो ते गाडीवरून आणि सीटवरून टाकून घ्यायचा. 'निळा टेम्पो', 'शाळेची बस', 'स्प्रिंग मोडकी'. मी एकेकाला फोन करून सांगत गेलो. ट्रकवाले हळहळले, एक रिक्षावाला तर फोनवर रडलाच. दोन दिवसांत सगळे झाले. फक्त एक नंबर राहिला. तो मी रोज उघडायचो आणि बंद करायचो. बेव्हर्ली पार्कच्या जयेशभाईंचा.

मामाचं रोजचं काम ट्रकच्या सीटचं, रिक्षाच्या हुडाचं. पण जुनी गाडी आली की तो दुसराच माणूस व्हायचा. रत्नागिरीकडच्या गावातून सातवी सोडून तो मुंबईला आला, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली सीटमध्ये भरायचा काथ्या पिंजायला बसला, आणि तिथून हे वेड लागलं. गाळ्यात त्याची तीन लाकडी स्टुलं होती. एकावर कापड, एकावर रेक्झिन, एकावर चामडं. गिऱ्हाईक नमुने बघायला मागायचं, तर हा नमुने दाखवायचाच नाही. चहा मागवायचा, पंखा बंद करायचा आणि भर दुपारी त्याला एकेका स्टुलावर अर्धा अर्धा चहा संपेपर्यंत बसवायचा. मग उठवून पाठमोरं उभं करायचा आणि कशावर किती घाम आला ते बघायला त्याची पँट निरखायचा. चांगली मोठी, गाडीवाली माणसं हायवेच्या कडेला अशी पाठ करून उभी राहायची. शेजारच्या गाळ्यातले पेंटर यादवजी ओरडायचे, "आ गया एक और, इम्तिहान देने."

जयेशभाईंनी ही परीक्षा चैत्रात दिली. त्यांच्या वडिलांची जुनी गाडी, मी शाळेत असल्यापासून ज्या फक्त कॅलेंडरवर बघितल्या तशातली. इंजिन, रंग सगळं झालं होतं, सीट राहिल्या होत्या. वडील गेले, गाडी आता जयेशभाई आणि परदेशातला त्यांचा भाऊ असे दोघे सांभाळत होते. स्टुलांवरून उठल्यावर जयेशभाईंना स्वतःला चामडंच आवडलं होतं. पण मामा म्हणाला, आधी गाडी बघतो, आणि गाडीत बसणारं माणूस बघतो.

म्हणून मामा आणि मी बेव्हर्ली पार्कला, त्यांच्या सोसायटीत गेलो. खाली पार्किंगमध्ये गाडी कव्हरखाली होती. जयेशभाईंची आई, बा, लिफ्टनं खाली आली. ऐंशीच्या पुढची, पांढरी सुती साडी, हातात काठी. पन्नास वर्षं भाईंदरात काढल्यामुळे ती मराठी बोलायची, तिच्या पद्धतीची. मामानं तिला विचारलं, गाडी नवी होती तेव्हा सीट कसली होती? ती म्हणाली, "कपडानी होती. मग ह्याच्या पप्पांनी रेक्झिन केली, मुलं आइस्क्रीम सांडत होती ना. त्याच्यानंतर मला मागे बसायला मजा नाही आली. उनाळ्यात पाय चिकटायचे आणि वळण आलं की मी अशी दरवाजाकडे." तिनं काठीसकट घसरून दाखवलं. मामा हसला. परत येताना रिक्षात त्यानं माझ्यापुढे सगळं मांडलं, जणू मीच गिऱ्हाईक. रेक्झिन म्हणजे छत्री, म्हणाला, पाणी लागत नाही, पण छत्रीवर बसवतं का कुणाला? चामडं चांगलं, पण त्याला रोज बसणारं माणूस लागतं. ही गाडी अकरा महिने कव्हरखाली, आणि आपली हवा अशी, एकीकडे खाडी, एकीकडे मिठागरं. पावसाळा गेला की पांढरी बुरशी. कापडावर डाग पडतो, धूळ बसते, ते धुवावं लागतं. पण म्हातारीला घाम येणार नाही आणि ती घसरणार नाही. त्याच्यासाठी प्रश्न तिथंच संपला होता.

जयेशभाईंनी सांगितलं होतं, तुमचं मत इंग्लिशमध्ये लिहून पाठवा, भावाला दाखवायचं आहे. मामानं मला तीन वाक्यं सांगितली. कापड करा. आईंना बरं पडेल. चामडं इथं टिकणार नाही. मी फोन घेऊन बाहेर कठड्यावर बसलो... आणि मला ती तीन वाक्यं फार साधी वाटली. परदेशातला भाऊ वाचणार, त्याला मामा अडाणी वाटेल, असं मनात आलं. मी इंटरनेटवर शोधलं. जुन्या गाड्यांबद्दल तिकडच्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि त्या सगळ्यांत चामडं वर, कापड खाली. मी ते वाचून चांगलं लांब उत्तर लिहिलं. कापडही चालेल, पण जुन्या गाडीची शान चामड्यातच, जाणकार हेच निवडतात, असं. खाली मामाचं नाव टाकलं आणि पाठवलं. मामानं विचारलं, पाठवलंस? मी हो म्हणालो. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की मी मामाचं भलं केलं. ती पानं लिहिणाऱ्यांच्या दाराशी खाडी नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवसांनी जयेशभाई गाळ्यात आले ते खुशीत. "शांतूभाई, आपकी बात एकदम सही है. लेदर फाइनल. भाई तो आपकी इंग्लिश पे फिदा हो गया." मामानं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कात्रीकडे. मला वाटलं, आता तो सगळं सांगणार. तो एवढंच म्हणाला, "बा क्या बोली?" बा म्हणाली होती, तुम्ही ठरवाल ते. "ठीक है," मामा म्हणाला. "लेदर."

जयेशभाई गेल्यावर त्यानं मशीनवरचं काम संपवलं, धागा तोडला आणि मग विचारलं, "काय लिहिलं होतंस?"

"ते... तिकडे असं लिहितात की जुन्या गाडीला चामडंच..."

"खाली माझं नाव होतं ना?"

"हो."

"मग मीच बोललो."

मी म्हणालो, आत्ता फोन करून खरं सांगतो. तो नको म्हणाला. फोन करून काय सांगणार, मामाला न विचारता लिहिलं? मग तुझ्या लिहिण्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. "जा, अभ्यास कर," तो म्हणाला. "परीक्षा होईपर्यंत इकडे यायचं नाही." ही शिक्षाच आहे असं मी धरलं. पेपर लिहिताना मध्येच मला ती सीट दिसायची, अजून न शिवलेली, आणि तिच्यावर बुरशी.

परीक्षा संपली तेव्हा सीट तयार होत्या. टॅन रंगाचं चामडं, एकसारखे टाके, कडेनं शिवलेलं पायपिंग कुठे वाकडं नाही. गाडीत बसवायला मी बरोबर गेलो. बानं मागच्या सीटवर बसून हात फिरवला, "सरस छे" म्हणाली, आणि जरा वेळानं काठी टेकत उतरली. मामा तिच्याकडे बघत होता. मग जयेशभाईंना त्यानं दोनदा बजावलं, की आठवड्यातून एकदा दारं उघडी ठेवा, वारा लागू द्या. आणि एक सांगितलं, सीटला काही झालं तर मला बोलवायचं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मला वाटलं, झाकायचं चाललंय, माझी चूक. मला वाटत राहिलं की एक दिवस नीट बसून माफी मागू. गाळ्यात गर्दी नसेल तेव्हा, पावसाळा सरल्यावर, निकाल लागल्यावर... पावसाळा अर्धा झाला आणि तो गेला.

म्हणजे मामाच्या हातची शेवटची जुनी गाडी तीच. आणि ती जर खराब झाली, तर जयेशभाई, त्यांचा भाऊ, बा, सगळ्यांसाठी मामा म्हणजे तो कारागीर, ज्यानं चांगलं इंग्लिश लिहून चुकीचा सल्ला दिला. हा विचार आला की मी घरातून बाहेर पडायचो. तीनदा बेव्हर्ली पार्कपर्यंत गेलो. गेटमधून कव्हर घातलेली गाडी दिसते, कोपऱ्यात, पावसाची झड जिथे येते तिथेच. दारं उघडी कधीच दिसली नाहीत. तिसऱ्या खेपेला वॉचमननं विचारलं, किसको मिलना है? मी म्हणालो, बिल्डिंग चुकली. खरं तर आत जाऊन सांगायला दोनच गोष्टी होत्या, मामा गेला आणि ते मी लिहिलं होतं. पहिली सांगितली तर दुसरी सांगावीच लागणार होती. आणि दुसरी सांगितली नाही तर पहिलीलाही काही अर्थ नव्हता. गेटवरून परत फिरायचो आणि घरी येऊन पुस्तक उघडून बसायचो. आई म्हणायची, पोरगा अभ्यासानं खंगला.

गेल्या रविवारी सकाळी मामाचा फोन वाजला. जयेशभाईंचा नंबर. उचलला नाही. पुन्हा वाजला. मामी म्हणाली, "अरे घे ना, कोण आहे ते." मी घेतला, हॅलो म्हणालो. जयेशभाईंनी माझा आवाज ओळखला.

ते महिनाभर भावाकडे गेले होते. येऊन कव्हर काढलं तर मागची सीट पांढरी. बुरशी, आणि वास असा की बा जवळ जाईना. मामानं बजावलेलं त्यांच्या लक्षात होतं, पण घाईत दहिसरच्या एका कारागिराला बोलावलं, त्याबद्दल त्यांनीच आधी सॉरी म्हटलं. मी डोळे मिटून ऐकत होतो. कारागिरानं मागची सीट उचलून उलटी केली. खाली, सहसा जिथं चामडं खिळ्यांनी आणि सोल्युशननं पक्कं करतात, तिथं खिळा नव्हता, सोल्युशन नव्हतं. एका टोकाला गाठ आणि एकच जाड दोरा, कडेनं सगळीकडे फिरलेला. त्यानं गाठ सोडून दोरा ओढला आणि चामडं अखंड निघून हातात आलं, उशीचा अभ्रा निघतो तसं. आत मागची सीट पूर्ण शिवलेली होती. कापडाची. बारीक रेघांचं कापड, त्याच रंगाचं पायपिंग, मधोमध बटणं. कुठे डाग नाही. पुढच्या सीटला नव्हतं असं काही, फक्त मागच्या.

"वो कारीगर पूछ रहा है, ये किसका हाथ है, मिलना है उसको," जयेशभाई म्हणाले. "तेरे मामा ने बताया क्यों नहीं? चल, उनको फोन दे. बा गाडी में बैठी है, उनसे बात करना चाहती है."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

"शांतूभाई?" बा म्हणाली.

मामी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बा, मी त्यांचा भाचा बोलतोय. मामा गेले, सहा आठवडे झाले. आणि ते चामड्याचं मी लिहिलं होतं. त्यांनी तुमच्यासाठी कापडच सांगितलं होतं."