दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

"काका, तुम्हाला सीओपीडी आहे," उल्हासनगरच्या डॉक्टर बाई म्हणाल्या. म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आकसल्या. त्याआधी स्पायरोमेट्री झाली होती. नळीत जोरात फुंकायचं, छातीत किती दम आहे ते कळतं. तिसऱ्यांदा फुंकताना मला अंधारीच आली.

"बरा कधी होईन?"

"हा बरा होत नाही. सांभाळायचा असतो."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण अंबरनाथला कारखान्यात चाळीस वर्षं लेथ मशीन चालवली, कुणापुढे वाकलो नाही. तिथंच बुवापाड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मुलगा म्हणाला, "बाबा, बदलापूरला माझ्याकडे चला, तिथं लिफ्ट आहे." मला घर सोडायचं नव्हतं. म्हणून हट्टाने भरभर जिने चढायचो. धाप लागली की मोबाइल कानाला लावून उभा राहायचो, जणू बोलतोय.

एकदा कानाला लावलेला फोनच वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या पुष्पा वहिनी दारातून म्हणाल्या, "घ्या काका, आता दुसऱ्या कानाने बोला!"

फिजिओथेरपीला, म्हणजे श्वासाच्या व्यायामाला, गेलो. ओठ शीळ घालताना करतो तसे करून श्वास हळू सोडायचा. मी जोर लावायचो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "श्वासाशी कुस्ती नको, काका. चीनमध्ये ताओ मानणारे लोक आहेत. जे आपसूक चालतंय त्याला ढकलू नये, त्याच्या सोबत राहावं, असं ते मानतात."

"चीनचं मला नका सांगू," मी म्हटलं.

पण घरी येताना लेथ आठवली. टूल रेटलं की तुटतं. धातू कापल्याचा आवाज ऐकत हात चालवावा लागतो. लोखंडाला एवढं जपलं आणि स्वतःच्या छातीला मात्र रेटत होतो.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर सरळ पायरीवर बसलो.

"आज फोन नाही?" वहिनी.

"नाही. श्वास घेतोय."

त्यांनी स्टूल आणून ठेवलं. कुणाकडे तरी तांदळाची भाकरी भाजल्याचा वास येत होता. भिंतीवर ऊन आलेलं. इतकी वर्षं इथून गेलो, पण पुढच्या पायऱ्याच मोजल्या होत्या.

रविवारी मुलाने मला तिथं बसलेलं पाहिलं. मी उठलो नाही. तो खालच्या पायरीवर बसला. म्हणाला, "हे स्टूल डुगडुगतंय. खुर्ची आणतो." बदलापूरचं नाव काढलं नाही.

तुम्हाला हा आजार असेल तर जिन्यात बसायला लाजू नका. त्या मॅडमचे उपकार मी मानतो, तोंडावर बोललो नाही तरी. उद्या बदलापूरला जावं लागलं तर जाईन. आज मी दुसऱ्या मजल्यावर आहे.