मुठेलाचा साबण

आमच्या काकी साबण चाटून बघायच्या. महिनाभर फळीवर वाळलेली वडी उचलायची, जिभेचं टोक लावायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "झाला." आत कॉस्टिक सोडा उरला असला, तर जिभेला झिणझिण्या यायच्या. काका ओटीवरून म्हणायचे, "साबणाची चव कळते हिला. आमटीतलं मीठ तेवढं कळत नाय."

आठवी अर्धी टाकून मी कुडपणहून तुडीलला त्यांच्याकडे मदतीला आले. शाळा लांब पडते, असं सगळ्यांना सांगायचे. खरं कारण गणित. फळ्यावर आकडे दिसले की मी मागच्या बाकावर सरकायचे.

काकींचा स्वयंपाक सगळा अंदाजाचा, पण साबणाला त्या पाणीसुद्धा वजन करून घ्यायच्या. "हाताचा अंदाज भाकरीला. सोड्याला काटा," असं म्हणत मागच्या पडवीत काकांचा जुना चष्मा लावून बसायच्या आणि पाण्यात सोडा हळूहळू सोडायच्या. मी वाफेला भिऊन दाराआड. "भी, भी. भिणारीच नीट वजन करते," म्हणायच्या. माझ्या भित्रेपणाला कुणी चांगलं म्हटलं, ते तेवढंच.

त्या थंडीत आईच्या टाचा फुटून रक्त येत होतं. आमच्याकडे भेगांना मुठेल लावतात, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. मला वाटलं, मुठेलाचाच साबण केला तर? काकी बाजाराला गेलेल्या. मी त्यांच्या मापातलं निम्मं खोबरेल कमी केलं आणि तेवढंच मुठेल घातलं. सोडा होता तेवढाच ठेवला. मुठेल औषधी, ते काय वाईट करणार?

महिन्याने काकींनी वडी जिभेला लावली आणि धावत जाऊन चूळ भरली. "भेगांत हा गेला असता ना गो, तर आई तुझी शिमग्याआधीच नाचली असती!"

मी आत जाऊन पिशवी भरली. आता घरी पाठवणार, ठरलेलंच. काकी दारात आल्या. "पिशवी ठेव. बस हितं. नारळ सोडा जास्त खातो, मुठेल कमी खातं. उरला तो माणसाला खातो. आता सांग, दोन्ही तेलं असली तर सोडा किती?"

प्रत्येक तेलाचा सोडा वेगळा काढून बेरीज करायची होती. मी तीनदा चुकले. काकी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता "अजून नाय" म्हणत होत्या. उत्तर त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. चौथ्यांदा म्हणाल्या, "हां. आता कर तुझा साबण." बिघडलेला घाणा किसून, जास्तीचं तेल घालून आम्ही कपड्यांना वापरला. नवा आईकडे गेला. आईचा निरोप आला, "फेस कमी येतो, पण पायाची कातडी ओढत नाय."

लग्न होऊन बंगळूरला निघाले, तेव्हा काकींकडे त्यांची सगळी मापं मागितली. "माझी नेऊन काय करशील? तिथलं तेल वेगळं, पाणी वेगळं. तुझी तू काढ." इतका राग आला की पोलादपूर येईपर्यंत मी एसटीत रडत होते. आज इथे एका छोट्या साबणाच्या कारखान्यात मापं मीच काढते. अजून प्रत्येक वजन तीनदा बघते.

काकी या भाद्रपदात गेल्या. मला पोचता आलं नाही. परवा काकांचा फोन आला. "सुमे, कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय हिने. मुठेल, खोबरेल, सोडा, पाणी, सगळं वजनाने लिहिलंय. वर लिहिलंय, 'सुमनचा साबण'. खाली, 'यात बदल करू नये'."



"घरातला साबण संपला गो," काका म्हणाले. "मीच करायला बसलोय. खोबरेल थोडं जास्त घातलं तर चालेल?"

"नको, काका," मी म्हटलं. "लिहिलंय तेवढंच घाला."