मोसंबीची एक काडी

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात बसले होते. दुकानदार अक्षरांची पाटी वाचायला लावत होता आणि मी हट्टाने सगळ्यात खालची ओळ वाचण्याच्या खटपटीत होते. फोन तिच्या भाच्याचा, गजाननचा. "निमाआत्या, आत्या गेली. जेवली, जरा पडते म्हणली, अन् उठलीच नाय." मी म्हणाले, "बरं." एवढ्या वर्षांची मैत्रीण गेली आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर बरं! जन्मभर टेबलावर आलेल्या कागदाला जे म्हणत आले तेच. त्याला आता दीड महिना झाला. रडू अजून नीट आलेलं नाही, नुसता राग येतो. बहुतेक स्वतःचाच.

फळसंशोधनाच्या एका संस्थेत मी कार्यालयात लिपिक होते आणि सिंधू प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. ती करमाडची, शेतकऱ्याची मुलगी. पहिली काही वर्षं मला ती शिष्ट वाटायची, कारण रजेचा अर्जसुद्धा नियमाचा क्रमांक घालून द्यायची. मग एकदा घरच्या मोसंब्यांची पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "खा, पुढच्या वर्षी असतील-नसतील." तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या बागेत डिंक्या शिरला होता. डिंक्या म्हणजे बुरशीचा रोग. बुंध्याची साल तडकते, आतून डिंक पाझरतो आणि दोन-चार वर्षांत झाड उभं वाळून जातं. मी पहिल्यांदा करमाडला गेले तेव्हा अण्णा एका झाडाच्या बुंध्याला मोरचूद-चुन्याचा निळा लेप लावत होते. झाड फुलांनी नुसतं लगडलं होतं. मी शहरातली शहाणी, म्हणाले, "किती छान फुललंय!" अण्णांनी मान वरसुद्धा केली नाही. "लई फुललंय म्हंजी जायला निघालंय, बाई. मरताना झाड सगळं वर लोटतं."

सिंधूचं सगळं काम या एका रोगावर होतं. दुसऱ्या वनस्पतीतला बुरशीशी लढणारा गुण मोसंबीच्या पेशीत घालायचा आणि त्या पेशीपासून काचेच्या बाटलीत रोप वाढवायचं, असं तिने मला समजावलं होतं. मला कळलं ते एवढंच की शंभर बाटल्या ठेवल्या तर एखादी जगते, आणि बाकीच्या फेकताना सिंधू दिवसभर कुणाशी बोलत नाही. शेवटी जाळीघरात मोजकी झाडं उभी राहिली. त्यांच्या सालीत मुद्दाम बुरशी सोडली तरी डिंक आला नाही. त्या दिवशी तिने अख्ख्या कार्यालयाला पेढे वाटले, आणि पेढे घेताना लोक विचारत होते, "लग्न ठरलं का, मॅडम?"

पण या झाडांना फुलू द्यायचं नव्हतं. बदललेल्या झाडाचा पराग बाहेर जाता कामा नये असा नियम होता, म्हणून कळी उमलायच्या आत खुडायची. हे काम ती कुणावर सोपवायची नाही. बहाराच्या दिवसांत रोज सकाळी दोन दारं ओलांडून आत जायची आणि फांदी न् फांदी हाताने चाचपायची. मी चिडवायचे, "अगं, एवढी वर्षं सांभाळतेस, फळ एकदा तरी बघितलंस का?" ती म्हणायची, "परवानगी आली की बघू." परवानगीची पत्रं मीच टाईप करायचे. उत्तरात दर वेळी नवी शंका यायची आणि मुदत तेवढी वाढायची. तरी ती नियमाला कधी नाव ठेवायची नाही. म्हणायची, "उद्या काही चुकलं तर सगळ्यांच्या बागांचं काय, निमे?"

एकदा अण्णा संस्थेत आले. धोतर, टोपी, हातात डब्याची पिशवी. त्यांना आत सोडता येत नव्हतं, म्हणून जाळीला नाक लावून ते बराच वेळ झाडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सिंधे, एक काडी दे. वीतभर. घरी खुंटावर तिचा डोळा भरून कलम करतो. कुणाला कळणार हाय?"

"नाय देता येत, अण्णा."

"बाग चालली म्हणून मागतुया. हौस नाय मला."

"माझ्या हातात नाय ते."

"तुझ्याच तर हातात हाय की," अण्णा म्हणाले. "मंग हे करती तरी कुणासाठी?"

सिंधू त्यांना बसस्टँडवर सोडून आली आणि दुपारभर कोरड्या डोळ्यांनी नोंदी लिहीत बसली.

मग ते दुष्काळाचे हंगाम आले. विहिरी आटल्या, टँकरच्या पाण्यावर बाग किती दिवस तगणार? डिंक्याने अर्धी नेली होती, उरलेली उन्हाने नेली. आमच्या जाळीघराला मात्र टाकीचं पाणी होतं. सिंधू त्या झाडांना पाणी घालताना मान खाली घालायची. पुढे वाळलेली झाडं उपटली, जमीन विकली गेली, तिथे गोदामं उठली. अण्णांनी एकच गोष्ट राखली. रंगपूर लिंबाचं एक रोप, ज्यावर मोसंबीचा डोळा भरतात तो खुंट, त्यांनी पत्र्याच्या ड्रममध्ये लावला होता आणि आंघोळीच्या पाण्यावर जगवला होता. "लेकीची काडी यील तवा खुंट तयार पायजे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

काडी आली नाही. प्रकल्प बंद झाल्याचं पत्र आलं, तेही मीच नोंदवलं. झाडं साक्षीदारांसमोर मुळासकट भट्टीत टाकायची होती आणि साक्षीदारांत माझं नाव होतं. सिंधूने झाडं स्वतः कापली, एकेक उचलून भट्टीपाशी दिली. शेवटच्या झाडापाशी आम्ही दोघीच होतो, बाकीचे भट्टीजवळ. तिने एक वीतभर काडी कापली, पानं काढली, ओल्या फडक्यात नीट गुंडाळली आणि स्टुलावर ठेवली. माझ्या खांद्याला माझी मोठी पर्स होती. तिने पर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी हात धुऊन येते," म्हणाली आणि गेली.

मी काय केलं? फडक्यासकट काडी उचलली आणि भट्टीत टाकली. यादी पूर्ण व्हायला हवी ना! वाटलं, विसरली बिचारी, नंतर तिच्यावरच बालंट यायचं. फार वेळाने ती परत आली. एवढा वेळ हात धुवायला लागतो कुणाला... तिने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चल, सही कर."

मी सही केली. अर्थ लागला तो रिक्षात, घराच्या वाटेवर. जिने बापाला नाही म्हटलं, जिने जन्मात नियम मोडला नाही, तिने एकदाच मोडायचं ठरवलं, आणि स्वतःच्या हाताने जमेना म्हणून माझ्यावर भरवसा टाकला. तिचं ते बरोबर होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण तेव्हा मला ती कळली नाही एवढं खरं. पुढच्या वर्षी अण्णा गेले. आम्ही शेकडो वेळा भेटलो, चहा प्यालो, भांडलो... त्या काडीबद्दल ना तिने विचारलं, ना मी बोलले.

अण्णांचा ड्रम तिने सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत आणला आणि खुंटावर साध्याच मोसंबीचा डोळा भरला. झाड वाढलं, पण फळ कधी धरलं नाही. कळ्या आल्या की सिंधू बोलता बोलता खुडून टाकायची. मी म्हणायचे, "अगं, हे साधं झाड आहे, याला कोण विचारतंय?" ती हाताकडे बघून हसायची, "सवय गं." आमची शेवटची भेटही तशीच झाली, तिच्या मुठीत कळ्या आणि माझ्या हातात चहाचा कप.

दिवस झाल्यावर गजाननने ड्रम माझ्याकडे पोचवला. मधल्या काळात फ्लॅट बंद होता, झाडाला थेंबभर पाणी नव्हतं. मी घातलं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ते पानोपान कळ्यांनी भरलं. मोसंबीला पाण्याचा ताण बसून मग पाणी मिळालं की बहार येतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खूश झाले. निदान हिच्या झाडाचं फळ तरी बघू म्हटलं. आज फुलं उमलली आहेत, घरभर वास आहे. सकाळी नवा चष्मा लावून खाली वाकले तर बुंध्याची साल तडकलेली, आणि तिथे पिवळट डिंकाचा थेंब.

डिंक कलमाच्या जोडाच्या वर आहे, मोसंबीच्या भागात. जोडाखाली अण्णांचा खुंट निरोगी आहे. त्याला कोवळा फुटवा आलाय, आणि वरचं वाळलं की तो पुन्हा काडी घ्यायला तयार होईल. ती काडी मी जाळली.